टार्मो थांबलाय की इंटरनेट

टार्मोची मुलाखत दुपारी एक वाजता होती आणि सकाळी न्याहारीच्या वेळी आमच्या लॅपटॉपवर हवामानाचं पानसुद्धा उघडत नव्हतं. अर्धा ढग आला. उरलेला अर्धा यायच्या आत माझी कॉफी संपली.

कागदाचा कारखाना बंद पडल्यापासून टार्मो घरीच होता. साठीला टेकलेल्या माणसाचे अर्ज कोण वाचतंय? आणि आता पहिल्यांदाच कुणीतरी बोलावलं होतं, तेही आमच्याच तळ्यावरच्या फेरीबोटीसाठी. गाड्या या काठावरून त्या काठावर न्यायच्या, परत आणायच्या. कमी बोलणाऱ्या माणसासाठी यापेक्षा चांगलं काम देवानेही काढलं नसतं. फक्त मुलाखत व्हिडिओवर होती, कारण ऑफिस पार तुर्कू शहरात. ही संधी गेली तर दुसरी येणार नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, म्हणून त्याबद्दल आम्ही बोलत नव्हतो.

आदल्या दिवशी रंगीत तालीम म्हणून त्याच्या बहिणीला, सिर्क्कूला, व्हिडिओ लावला होता. ती औलूला असते आणि तिच्या जिभेला हाड नाही. दोन मिनिटांत चित्र अडकलं.

"हिल्का," ती मला म्हणाली, "तुझा नवरा थांबलाय की इंटरनेट?"

"इंटरनेट," मी म्हणाले.

"मला वाटलं नेहमीसारखा विचार करतोय. त्याच्या बाबतीत कळणार तरी कसं?"

तेवढ्यात तिचाही आवाज तुटला, ते बरंच झालं.

सकाळपासून आम्ही सगळे उपाय केले. लॅपटॉप बंद करून चालू केला. मागे गुपचूप चाललेली अपडेट थांबवली. टार्मोने उघडून ठेवलेली जुन्या ट्रॅक्टरच्या जाहिरातींची पानं मिटवली, आणि ती थोडीथोडकी नव्हती. मायक्रोवेव्ह बंद ठेवला, म्हणून सूपसुद्धा चुलीवर गरम केलं. तार थेट जोडावी म्हटलं तर लॅपटॉप इतका पातळ की त्याला तारेचं भोकच नाही. फोनचं नेट आमच्याकडे फक्त चर्चच्या चढावर मिळतं. कंपनीला फोन लावला तर बराच वेळ बासरी ऐकवून एका मुलीने तोच एक इलाज सांगितला: राउटरचा प्लग काढा, दहा मोजा, परत लावा. आम्ही काढला, मोजले, लावला. फरक शून्य.

माझा जीव टांगणीला लागला होता. टार्मो मात्र मागच्या खोलीत इस्त्रीचा शर्ट घालून ढिम्म बसला होता. फक्त मान लाल झाली होती, त्यावरून मी काय ते ओळखलं.

"दुसरीकडे बसून बघायचं का?" मी हळूच विचारलं.

तो लॅपटॉप हातात घेऊन उठला आणि घरभर फिरू लागला. मागच्या खोलीत सिग्नलची एक रेघ. स्वयंपाकघरात एक, मधूनच दीड. बोळातून पुढच्या दाराकडे निघाला तशी दोन, तीन, आणि बुटांच्या बाकाशी सगळ्या. परत मागे आला, परत एक. मग तो बोळात मधोमध उभा राहिला आणि सौनाच्या भिंतीकडे बघत राहिला.

ही सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, त्याने गेल्या हिवाळ्यात बांधलेली. कारखाना बंद झाल्यावर पहिलं काम काय केलं, तर जुनी सौना मोडून दुप्पट मोठी बांधली, घराच्या अगदी मध्यावर. राउटरचं कपाट पुढच्या दाराशी, आणि बाकी सगळं घर सौनाच्या पलीकडे.

"फॉइल," टार्मो म्हणाला.

लाकडाच्या मागे वाफ अडवायला धातूची चकचकीत फॉइल लावतात. सगळेच लावतात. टार्मोने दुहेरी लावली होती, छतापासून जमिनीपर्यंत, आणि प्रत्येक सांध्यावर चंदेरी पट्टी. काम झाल्यावर अख्ख्या आळीला बोलावून दाखवलं होतं, की इथून वाफेचा कणसुद्धा बाहेर जाणार नाही. वाफ नव्हतीच गेली. इंटरनेटही पलीकडे गेलं नाही. आणि आम्ही वर्षभर कंपनीच्या नावाने खडे फोडत होतो.

एरवी मी त्याला यावरून आठवडाभर तरी सोडलं नसतं. पण एक वाजायला आला होता आणि त्याचा चेहरा पाहवत नव्हता. "काही हरकत नाही," मी म्हणाले. "बाकावर बस."

तर असा माझा नवरा बुटांच्या बाकावर, डोक्यावर ओले कोट लटकताहेत, पुढ्यात उलटी घातलेली कपड्यांची टोपली आणि तिच्यावर लॅपटॉप. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिथून त्याची पाठ दिसत होती आणि खांद्यावरून पडदा. पडद्यावर मार्केत्ता नावाची करड्या केसांची बाई आणि तिच्या शेजारी एक दाढीवाला.

पहिले प्रश्न सरळ होते. परवाना आहे का? आहे. पोहता येतं? येतं. बर्फात काम केलंय? केलंय. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. माझा जीव जरा भांड्यात पडला. मग मार्केत्ताने विचारलं, "तुम्हाला हे काम का हवंय?"

टार्मो काही बोलला नाही.

मी वाट पाहिली. तीही दोघं वाट पाहत होती. आमच्याकडे प्रश्नाला लगेच उत्तर देणारा माणूस जरा उथळच समजतात, त्यामुळे यात वावगं काही नव्हतं. पण वेळ जात राहिला. मार्केत्ताच्या हातातला कप टेबल आणि तोंडाच्या मध्ये होता, तिथेच राहिला. दाढीवाल्याची पापणी लवत नव्हती. टार्मोही हलत नव्हता. अडकलं, मला वाटलं. परत अडकलं, आणि हा बावळट अडकलेल्या चित्राकडे बघत बसलाय.

कपाटात प्लग लावायला जागा नाही, म्हणून टार्मोने राउटरची वायर बोळातून स्वयंपाकघरात आणली आहे. प्लग माझ्या हाताशीच होता. त्या मुलीने सांगितलेला तेवढाच इलाज मला येत होता. मी प्लग काढला.

आणि टार्मो बोलू लागला.

"कारखान्यात आम्ही कागद बनवायचो," तो म्हणाला. "तो कुठे गेला, त्याचं काय झालं, कधी दिसलं नाही. बोटीवर माणूस इकडे चढतो, तिकडे उतरतो. पोचला की पोचला. झालेलं काम दिसतं. मला तसं काम हवंय."

मी प्लग परत खुपसला. कपाटात राउटरचा लाल दिवा लागला. तो हिरवा व्हायला वेळ घेतो, देव जाणे आत काय करतो. पडद्यावरची दोघं होती तशीच होती, कप हवेत, पापण्या स्थिर. टार्मोला फरक कळणार कसा?

"घरात दुरुस्त करायला काही उरलं नाही," तो सांगत होता. "आता मी धडधाकट वस्तू मोडून परत बांधतोय." मग जरा थांबला. "आणि माझी बायको माझ्याशी हळू बोलायला लागलीय. लग्न झालं तेव्हा तिची हाक तळ्यापलीकडे जायची. आता आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखी बोलते. मी आजारी नाही. मला काम नाही, एवढंच."

तीस वर्षांत मी त्याला सलग एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. आणि ते ऐकणारी मी एकटीच होते.

दिवा हिरवा झाला. चित्र हललं, कप टेबलावर टेकला.

"मध्येच चित्र गेलं होतं बहुतेक," मार्केत्ता म्हणाली. "आम्हाला आधी वाटलं तुम्ही विचार करताय. करा, घाई नाही."

"सांगितलं की," टार्मो म्हणाला.

"आम्हाला ऐकू आलं नाही. परत सांगता?"

त्याची मान लाल होत गेली. तो खाली बुटांकडे बघू लागला, आणि मी समजले. हा परत सांगायचा नाही. असलं बोलणं त्याच्याकडे एकदाच होतं आणि ते मी वाया घालवलं होतं.

"राहू द्या," तो म्हणाला. "काम जमेल मला."

मार्केत्ताने काहीतरी टिपून घेतलं. ते मला अजिबात आवडलं नाही.

मी गेले आणि बाकावर त्याच्या शेजारी बसले. हातात स्वयंपाकघरातलं फडकं तसंच होतं. "मी हिल्का, यांची बायको," मी म्हणाले. "प्लग मी काढला. मला वाटलं तुम्ही अडकलात. यांनी उत्तर दिलं होतं, ते मी सांगते."

टार्मोने माझ्याकडे पाहिलं नाही. मी कागदाचं सांगितलं, बोटीचं सांगितलं, मोडून बांधण्याचं सांगितलं. मग बायकोची पाळी आली. परक्या माणसांसमोर हे कशाला, असं वाटलं. पण अर्धंच सांगितलं असतं तर ते त्याचं उत्तर राहिलं नसतं. मी सगळं सांगितलं, शेवटच्या वाक्यापर्यंत.

तिकडे दोघं गप्प झाली. मी जागची हलले नाही, प्लगकडे पाहिलंसुद्धा नाही.

"असंच म्हणालात का?" मार्केत्ताने टार्मोला विचारलं.

"हं."

तिने दाढीवाल्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली. "सोमवारी धक्क्यावर या," ती म्हणाली. "बूट स्वतःचे आणा." आणि पडदा काळा झाला.

आम्ही कोटांखाली बसून राहिलो. मग टार्मो म्हणाला, "प्लग काढलास?"

"अरे, मला वाटलं की..." मी सुरू केलं, आणि माझ्याच कानावर माझा तो आवाज पडला, मऊ, जपून पावलं टाकणारा. कधीपासून बोलत होते मी अशी? मी उभी राहिले.

"काढला," मी म्हणाले, "आणि परत काढीन. बायकोबद्दल परक्या बाईला सांगता येतं, बायकोला सांगता येत नाही? आणि ओले मोजे वर्षभर रेडिएटरवर कोण वाळत घालतं? आणि माझी चांगली कात्री घेऊन पत्रा कोणी कापला, तुला वाटतं मला कळलं नाही?"

शेजारच्यांचं कुत्रं भुंकायला लागलं. टार्मो खांदे हलवत हसत होता, डोळे पुसत होता.

"अजून?" त्याने विचारलं.

अजून पुष्कळ होतं. मी कंबरेवर हात ठेवले आणि पुढे सांगू लागले.