बेथिया, वय एकोणीस, शेतमजूर

“काल रात्री या घरात कोण कोण निजलं होतं, तेवढं सांगा बाई,” मास्तर म्हणाले. एरवी ते शाळेत शिकवतात. त्या सोमवारी शिरगणतीचं काम त्यांच्याकडे होतं. मला लिहिता येत नाही, म्हणून आमचा कागद तेच भरत होते.

“माझा नवरा गिडियन, मी आणि आमची बेथिया.”

“गिडियन नांगऱ्या, ते ठाऊक आहे. खोल्या?”

“एकच.”

“खिडकी?”

“एक. पण ती आमची हं! घर बदललं की काढून बरोबर नेतो. मालकाच्या नावावर नका लिहू.”

मास्तर हसले. “खिडकी कुणाची, ते सरकार विचारत नाही. बेथिया काय करते?”

याच प्रश्नाची मला धास्ती होती. आमच्याकडे नांगऱ्याला घर मिळतं ते एका अटीवर: घरातली एक बाई त्याने रोज शेतावर पाठवायची. बाई नसेल तर मे महिन्यात घर खाली करायचं. माझे गुडघे गेल्यापासून बेथियाच जायची. आता तीन आठवडे ती छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली होती आणि मुकादमाला आम्ही नुसतं पडसं म्हणून सांगितलं होतं. सरकारी कागदावर आजारी असं लिहिलं गेलं, तर मालकाच्या कानावर जायला किती वेळ? म्हणून पहाटे मीच तिला उठवलं. “आजचा दिवस जा गं. मास्तर येऊन गेले की पड परत.” तिने निमूटपणे टोपी बांधली.

“दगड वेचायला गेलीय,” मी म्हटलं. “ओढ्यापलीकडे. हवं तर बघून या.”

“ती आजारी आहे असं ऐकलं होतं.”

“लोकांच्या जिभेला काय हाड आहे?”

मास्तरांनी लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. शेतमजूर. माझा जीव भांड्यात पडला.

“मालक कधी बघतील हे?”

“मालक? त्यांचा काय संबंध? हे थेट एडिंबरोला, सरकारी कचेरीत जातं. मी कुणाजवळ बोललो तर माझंच काम जाईल.”

“म्हणजे आजारी लिहिलं असतं तरी…”

“तरी इथं कुणाला कळलं नसतं.”

मी तशीच धावत सुटले. गुडघ्यांनी दोनदा दगा दिला. बेथिया ढेकळांत बसली होती. भोवती बाया उभ्या होत्या. तिची हनुवटी रक्ताने भरली होती.

“आम्ही घसा फोडून सांगत होतो, घरी जा,” एक बाई माझ्यावरच उखडली. “ऐकेल तर शपथ! म्हणे, मास्तर अजून यायचेत.”

“आई, गेले ते?” बेथियाने विचारलं.

“गेले, बाळ.”

“काय लिहिलं?”

“कामाला जाते म्हणून.”

“मग उठायला हवं,” ती म्हणाली आणि तिने पुढच्या दगडाकडे हात नेला.

शुक्रवारी ती गेली. तिला मीच मारलं. गिडियन तसं कधी म्हणाला नाही, पण तेव्हापासून तो माझ्याकडे बघून बोलत नाही.

माती देऊन झाल्यावर मी शाळेत गेले. “मास्तर, माझं चुकलं. आजारी असं लिहा. एवढी एक ओळ बदला.”

मुलं पाठ म्हणत होती. मास्तरांनी त्यांना हाताने गप्प केलं.

“कागद बुधवारीच गेले, बाई,” ते म्हणाले.