नाव घेऊन हाक

राजसबाईंना त्या बंगल्यात स्वयंपाकाला लागून दोन वर्षं झाली, पण ड्रायव्हरला त्यांनी एकदाही नावाने हाक मारली नव्हती. मारणार कशी? ड्रायव्हर त्यांचा नवरा! नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, हे तंजावरच्या सासूने लग्नातच बजावलेलं.

हे नातं बंगल्यात कुणाला ठाऊक नव्हतं. मालकीण श्रीलक्ष्मी मॅडमचा नियमच होता, एका घरातली दोन माणसं ठेवायची नाहीत, घर पोखरतात म्हणे. आता एन्नोरच्या वस्तीत वीजकेंद्राची राख खात बसून नियम चाटायचे का? आधी नवरा, म्हणजे राणोजी, ड्रायव्हर म्हणून चिकटले. त्यांनी ‘ओळखीची बाई’ आणली, बाईने मॅडमच्या मुलीच्या, सहानाच्या शिकवणीला ‘ओळखीची टीचर’ आणली, म्हणजे पोटची भव्या. जुनी स्वयंपाकीण कशी गेली ते मात्र विचारू नका.

रविवार म्हणजे मॅडमकडे मेजवानीचा वार; त्या रविवारी बारा पाहुणे जेवायला होते. मॅडमनी गाडी पुढे घ्यायला सांगितली, तशा राजसबाई हातातल्या डावासकट बाल्कनीत जाऊन ‘अहो, गाडी’ म्हणाल्या. मॅडमचे डोळे बारीक झाले.

“नेहमी अहो काय? नाव घेऊन हाक मार.”

घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य, नाही घेतलं तर तिघांची नोकरी. मनात देवाची माफी मागून राजसबाई ओरडल्या, “राणोजी!”

खाली राणोजींच्या हातून पाण्याचा पाइप सुटला. लग्नाच्या चोवीस वर्षांत पहिल्यांदा! ‘काय गं?’ म्हणत ते बंगल्यातली तमिळ विसरून घरच्या मराठीत बोलले आणि चक्क लाजले. मॅडमना मराठी येत नव्हती, पण नवऱ्याचा सूर कळायला भाषा कशाला लागते? पितळ उघडं पडलं. दोघांनी आत्ताच्या आत्ता निघायचं, असं मॅडमनी पाहुण्यांदेखत सुनावलं.

राजसबाईंना आधी रडू आलं, मग सणसणून राग.

“दोघं नाही, तिघं. वर सहानाला शिकवतेय ती माझी मुलगी.”

मग त्यांनी शांतपणे सांगितलं, की भात अर्धा शिजलाय, साहेबांचं पाचला विमान आहे आणि सहानाची उद्या गणिताची परीक्षा. एवढं बोलून डाव टेबलावर ठेवला.

मॅडमनी पाहुण्यांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि मटकन बसल्या. झालं गेलं विसरू, जेवण वाढ, म्हणाल्या.

“वाढते. पण आम्हा तिघांना सुट्टी एकाच वारी पाहिजे. दोन वर्षांत एकत्र जेवलो नाही.”

“कुठला वार?” मॅडमनी पडेल आवाजात विचारलं.

“रविवार,” राजसबाई म्हणाल्या आणि भात बघायला आत गेल्या.