पांढऱ्या छतामागची तुळई

मी एक जुनी तुळई आहे. मान वर करून मला शोधू नका मित्रांनो, मी दिसणार नाही. पण या घराचं सगळं माळवद, हे मातीचं छप्पर, माझ्याच पाठीवर आहे, आणि त्याखाली तुम्ही बसला आहात.

निजामाच्या राजवटीत मी याच शिवारातलं कडुलिंबाचं झाड होते. आश्रुबांनी घर बांधायला काढलं आणि सिदू सुताराने मला तासलं. दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, त्यांवर मी, माझ्यावर आडव्या लाकडी कड्या, कड्यांवर तुराट्या आणि सगळ्यात वर वीतभर पांढरी माती. उजेडासाठी छताला एक भोक ठेवलेलं, त्याला सवणं म्हणायचे. भर उन्हाळ्यात घर इतकं गार, की आलेला पाहुणा उठायचं नाव घेत नसे. मला फार अभिमान वाटायचा.

मला चढवताना सिदू म्हणाला होता, "लाकूड दगा देत न्हाई, मालक. मोडायच्या आधी आवाज देतं. तेवढं ऐकत जा."

आश्रुबा ऐकायचे. दर उन्हाळ्यात ते जुनी माती खरवडून काढायचे, मगच नवी टाकायचे. त्यांच्या मागे खरवडणं राहून गेलं, टाकणं तेवढं चालू राहिलं. कुठं गळलं की टाक चार पाट्या माती! आज माझ्यावर हातभर माती आहे. त्यात मला आतून कीड लागली.

मी गप्प बसले नाही. पिवळा भुगा खाली सांडू लागले. तेव्हा आश्रुबांच्या नातवाची, आदिनाथची बायको उज्ज्वला इथे तुमची शिकवणी घेऊ लागली होती.

"पोरांच्या वह्या लई खराब होतेत," ती त्याला म्हणाली.

आदिनाथने माझ्याखाली हे पांढरंशुभ्र छत ठोकून घेतलं, सवणंही बुजवलं. आता भुगा त्या छतावर साठतो. मला दोघांचा राग येतो, पण धरवत नाही. त्यांनी केलं ते तुमच्यासाठीच केलं.

चार दिवसांपासून झड लागली आहे. माती पाणी पिऊन जड झाली आहे. मघाशी मी करकरले, तेव्हा तुमच्यातल्या संस्कृतीचं पेन थांबलं.

"मॅडम, वर कायतरी वाजलं."

"उंदरं हायेत. तू लिही."

तुम्ही हसलात. संस्कृती हसली नाही, अजून वरच बघते आहे.

मित्रांनो, जुन्या घराला रंग नसला तरी चालतो, त्याच्याकडे कुणाचा तरी कान असावा लागतो. यावर मी आणखी बोलले असते, पण तेवढा वेळ नाही. माझ्या मधोमध चीर गेली आहे आणि ती भिंतीकडे सरकते आहे. एक मोठा आवाज अजून माझ्यात उरला आहे. तो मी आता देते. तो उंदरांचा नाही.

संस्कृती उठली की तिच्यामागे सगळे उठा. मॅडमचा हात धरून त्यांनाही बाहेर ओढा. वह्या तिथंच राहू द्या.