वाटाण्याच्या कोंबांचा ट्रे

मी एक जुना ट्रे आहे, मित्रांनो. पत्र्याचा, दीड हात लांब, तळाला खिळ्याने पाडलेली अठ्ठावीस भोकं आणि आता त्या प्रत्येक भोकाभोवती गंजाचं तांबूस वर्तुळ. बागेच्या मागच्या भिंतीला मला उभं टेकवून ठेवलं आहे. इथून स्वयंपाकघराची खिडकी दिसते. माझी जागा तिथे होती. परत तिथे जाईन अशी आशा मला नाही आणि मी जाऊही नये.

एका कारखान्यात यंत्राचा एकच दाब बसला, माझ्या चारही कडा वर वळल्या आणि मी ट्रे झालो. पुढची अकरा वर्षं मी एका बेकरीत बिस्किटं भाजली. तिथला भट्टीवाला नव्या माणसाला मुद्दाम सांगायचा, "हा ट्रे खालून कधी करपवत नाही." मित्रांनो, कौतुक कोणाला आवडत नाही! पण एके दिवशी मी हातातून पडलो, कोपरा वाकला, बिस्किटं एका बाजूला घसरू लागली. मला भंगारात टाकलं. तिथून एका आजोबांनी मला उचललं.

आजोबांचं आयुष्य घड्याळं दुरुस्त करण्यात गेलं होतं. आता एका डोळ्यात मोतीबिंदू होता, पण ऑपरेशनचा विषय निघाला की त्यांना नेमकी बाग आठवायची. घरात ते, त्यांची सून आणि साडेचार वर्षांची नात. मुलगा बोटीवर नोकरीला, आठ-आठ महिने येत नसे. नातीला आजोबा खारूताई म्हणत, कारण ती पुढच्या दोन दातांनी कुरतडल्यासारखं खायची. म्हणजे, खायची तेव्हा.

त्या हिवाळ्यात तिला मोठा ताप येऊन गेला. ताप गेला, पण जाताना भूक घेऊन गेला. घास तोंडात धरून ती तासभर बसायची. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, वजन वाढलं नाही तर हिला भरती करावं लागेल. आईने फडताळाच्या दाराला एक कागद चिकटवला आणि दर सोमवारी त्यावर आकडा लिहू लागली. आकडा खाली येत होता. मुलगी झोपली की आई तिच्या मनगटाभोवती आपली दोन बोटं वळवून बघायची.

तेव्हा आजोबांनी माझ्या तळाला भोकं पाडली. रात्रभर भिजवलेले वाटाणे माझ्यात ओल्या मातीवर पसरले, वर फडकं झाकलं आणि मला खिडकीत ठेवलं. चौथ्या दिवशी फडकं आपोआप वर उचललेलं दिसलं. दहाव्या दिवशी चार बोटं उंचीचे हिरवे कोंब माझ्यात दाटीने उभे होते. खारूताईने खेळण्यातल्या कात्रीने एक कोंब कापला, वास घेतला आणि खाल्ला. मग दुसरा. आईने हातातलं भांडं हळूच खाली ठेवलं. आवाज झाला तर मुलगी थांबेल, अशी तिला भीती वाटली असावी.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले चांगले दिवस तेवढेच. कोंबांच्या मागोमाग अर्धी पोळी जाऊ लागली, मग दोन चमचे भात. कागदावरचा आकडा चढला. आई माझ्या बाबतीत फार काटेकोर होती. पाणी उकळून गार केलेलं, वाटाणे तीनदा धुतलेले.

"बाबा, हात धुतलेत का?"

"धुतले. साबणाने. दोनदा. शेजाऱ्यांना साक्षीला बोलावू?" आजोबा म्हणायचे. "तुझ्या वाटाण्यांना रोज आंघोळ आणि आम्हाला मात्र दिवसाआड!"

थंडी ओसरली आणि आजोबांनी बाग आवरायला काढली. वाळलेल्या काड्या छाटल्या, पालापाचोळा दंताळ्याने ओढून ढीग केला, कुंड्या पालथ्या घालून झटकल्या. शेवटी अवजारांची खोली. मला त्या दिवशी धुऊन खोलीच्या दारात उन्हाला ठेवलं होतं, म्हणून मी सगळं पाहिलं.

आजोबांची एक सवय होती. कागदी पाकिटं उंदीर फोडतात म्हणून सगळं बियाणं ते काचेच्या बरण्यांत काढून ठेवत. बरणीवर कधी काही लिहीत नसत. "मला माहीत असतं कशात काय आहे ते," असं म्हणत. फळीच्या मागे मुलाने मागे कधीतरी आणलेलं वाटाण्याचं पाकीट निघालं. आजोबांनी ते बरणीत ओतलं. वाटाण्यांवर गुलाबीसर पूड होती. त्यांना ती धूळ वाटली. सुनेला धूळ खपत नाही, म्हणून त्यांनी ते वाटाणे नळाखाली चोळून चोळून धुतले, फडक्यावर सुकवले आणि बरणी पुन्हा भरली. पाकीट पालापाचोळ्याच्या ढिगात गेलं.

संध्याकाळी आई दारात आली. "बाबा, वाटाणे संपलेत. उद्या आणायला हवेत."

"कशाला? हे घे." त्यांनी बरणी पुढे केली.

तिने ती उजेडात धरली. "खायचेच आहेत ना हे?"

"नाहीतर काय, गोट्या खेळायला ठेवलेत?"

ती हसली. मुलीच्या तापानंतर मी तिला पहिल्यांदाच मोठ्याने हसताना ऐकलं. हसत हसत ती बरणी घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिजून टपोरे झालेले वाटाणे माझ्यात पसरले गेले. खारूताई स्टुलावर चढली आणि तिने एक तोंडात टाकला.

"आई, कुरकुरीत आहे!"

"आवडला? घे, आणखी घे." आईने स्वतः तिच्या ओंजळीत मूठभर घातले. कोणी न सांगता मुलीने खाल्लं होतं, मित्रांनो. तिला थांबवणार कोण?

दुपारी उलट्या सुरू झाल्या. तिला तसंच उचलून दवाखान्यात घेऊन गेले. तासाभराने आजोबा एकटे परत आले आणि गुडघ्यांवर बसून पालापाचोळ्याचा ढीग हाताने उपसू लागले. पाकीट सापडलं. घड्याळाचं भिंग डोळ्याला लावून त्यांनी तळाची बारीक ओळ वाचली. 'फक्त पेरणीसाठी. कीडनाशक लावलेले. खाण्यास अयोग्य.' ते पाकीट घेऊन ते पळतच निघाले. एक चप्पल पायात नव्हती.

मुलगी सहाव्या दिवशी घरी आली. वाचली, एवढंच म्हणता येईल. आता ती आपणहून काहीच खात नाही. नवीन डबा आणला, नवीन बी आणलं, नवीन कात्री आणली. कोंब वाढले, पिवळे पडले, आडवे झाले. तिने हात लावला नाही. आईने जवळ घेऊन विचारलं, "का गं राणी?" तेव्हा ती रागावली नव्हती, रडतही नव्हती. तिने फक्त सांगितलं, "तूच म्हणालीस, आणखी घे."

त्या दिवसानंतर आईने आकड्यांचा कागद काढून टाकला. आजोबा बागेत येत नाहीत. आवरलेल्या वाफ्यांत पुन्हा तण माजलं आहे. सासरा आणि सून एकमेकांना दोष देत नाहीत. दिला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. चहा हवा का, औषध दिलं का, दार लावलं का, यापलीकडे ते बोलत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरी बरण्या असतील, तर त्यांवर नाव लिहा. पाकीट फेकण्याआधी त्याची तळाची ओळ वाचा, आणि ज्यांना ती दिसत नाही त्यांना वाचून दाखवा. पेरायचं बी आणि खायचं बी एका फळीवर ठेवू नका. कोणी काही विचारलं, तर आधी उत्तर द्या, मग हवं तेवढं हसा. माझं ऐकून एखाद्या घरात एखादी बरणी तपासली जाईलही. पण समोरच्या खिडकीत त्याने काही बदलणार नाही, हे मला माहीत आहे.

आत्ता तिथे ताट वाढलं आहे. आईचा आवाज येतोय, "एकच घास. हे बघ, आधी मी खाते."

मग चमचा ताटाला लागल्याचा आवाज. आणि त्यानंतर बराच वेळ काही नाही.