कोमट डबी

राधिकाने डबी दोन बोटांच्या चिमटीत धरली आणि तोंड फिरवलं. एकावर एक तीन पिशव्या, वर दोऱ्याची गाठ, तरी आतला कोमटपणा बोटांना लागत होता.

"शी! आई, मीच का?"

"शाळेच्या वाटेवर लॅब आहे म्हणून. कबड्डीच्या चिखलात अनवाणी लोळतेस तेव्हा नाही येत किळस?"

जयवंती, तिची आजी, वाडीतून आली तशीच ओट्यावर बसली होती. टाचांच्या भेगांत माती, ओठ पांढरेफटक. तीन महिने लोहाच्या गोळ्या झाल्या, बीट झालं, खजूर झाले. हिमोग्लोबिन सहावरच अडून बसलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, "कुणाला लोह कमी पडतं, कुणाला बी-ट्वेल्व्ह, कुणाचं रक्त आतल्या आत जातं. कारण सापडल्याशिवाय गोळ्या गिळून काय उपयोग? आधी शौच तपासू."

रिक्षात ती डबी दप्तरात, पोळीभाजीच्या डब्याला खेटून. एव्हरशाईन सिटीच्या नाक्यावर राधिकाला उमासाच आला. उतरून तिने पिशवी कचराकुंडीत भिरकावली. मग आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला. लॅबमधून नवी डबी मागून घेतली, तिथल्याच संडासात जाऊन स्वतःची भरली आणि वर आजीचं नाव लिहिलं. निदान ही तरी स्वच्छ, असं वाटून तिला बरंच वाटलं.

शनिवारी तिघी दवाखान्यात बसल्या होत्या. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला.

"जंतांची अंडी आहेत. हे जंत आतड्याला चिकटून रक्त पितात. मातीतून येतात, उघड्या पायांतून शिरतात."

"किती वेळा सांगितलं, आई, चपला घाला," राधिकाची आई सासूला म्हणाली.

आजीने पाय लुगड्याखाली ओढून घेतले. "आता माझ्या हातचं खाऊ नकोस गं," ती राधिकाला हळूच म्हणाली.

बुटांतली बोटं राधिकाने आवळून धरली. डॉक्टर आजीच्या नावाने जंतांची गोळी लिहायला लागले होते.

"डॉक्टर, ती गोळी माझ्या नावावर लिहा," ती म्हणाली. "डबीत माझं होतं. आजीची मी फेकली."

आईचा हात पर्सच्या चेनवर तसाच राहिला. आजीने मान वर केली.

"आजीची उद्या आणते," राधिका म्हणाली. "कोमट असतानाच."