सात नंबरचा काटा

"गाडी गरम होत नाही हो ताई, काटाच वेडा झालाय," मॅनेजर खिडकीतून वाकून म्हणाला. "नवा घाला, नाहीतर जुन्याला वठणीवर आणा. पण दोन वाजता सात नंबर सुटली पाहिजे. सगळ्या सीटा बुक झाल्यात."

ती ड्रायव्हरच्या सीटपुढे आडवी पडून डॅशबोर्डच्या पोटात बघत होती. तोंडात स्क्रूड्रायव्हर होता, म्हणून नुसतं 'हूं' केलं.

त्या बसकंपनीच्या वर्कशॉपमध्ये तिला सगळे मीटरताई म्हणत. काम मुळात नवऱ्याचं. त्याची नजर अधू व्हायला लागली तेव्हा तो तिला शेजारी बसवून शिकवू लागला, आणि नजर पुरती गेली तोवर तिचा हात बसला होता. त्याला आता अकरा वर्षं झाली.

सात नंबरचं दुखणं पंधरा दिवसांचं. टाकी भरली तरी डिझेलचा काटा शून्यावर, आणि घाट चढताना तापमानाचा काटा लालमध्ये. दोघांनी आधीच हात मारून पाहिला होता. एकाने सेन्सर बदलला, दुसऱ्याने मीटर. काटा लालमध्ये जायचा तो जायचाच.

डिझेलचं तिने अर्ध्या तासात शोधलं. टाकीवरून बॉडीला जाणारी अर्थिंगची तार गंजून नुसत्या धाग्यावर आली होती. तिने ती काढली, जागा घासून नवी जोडली, चावी फिरवली. काटा निमूटपणे पाऊण टाकीवर येऊन बसला.

"बघा!" मॅनेजर खुशीत आला. "हा खोटं बोलत होता, तसा तोही बोलतोय."

"एक भाऊ खोटारडा निघाला म्हणून दुसराही असतोच का?" ती म्हणाली.

तिने तापमानाच्या सेन्सरची वायर काढली. काटा थंडवर पडला. वायर बॉडीला टेकवली. काटा थेट लालच्या टोकाला. म्हणजे वायर ठीक, मीटर ठीक. मग तिने सेन्सरच काढला, ड्रायव्हरच्या दाराशी शेगडी पेटवली आणि पातेल्यातल्या पाण्यात तो टांगून लांब वायरीने मीटरला जोडला. थर्मामीटर धरून बसली. पाणी तापेल तसा काटा चढला, आणि पाण्याला उकळी फुटली तेव्हा नेमका लाल पट्टीच्या कडेला थांबला. जुना सेन्सर लावून पाहिला. त्याचंही तेच.

काटा खरं बोलत होता. दोष सापडला नाही की एरवी ती वैतागायची. आज ती शेगडी विझवून थेट इंजिनाकडे वळली.

तिने इंजिनवाल्या मिस्त्रीला हाक मारली. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू केलं. पाण्यात एक बुडबुडा आला. मग दुसरा. मग जरा थांबून आणखी एक, खाली कुणी श्वास घेत असल्यासारखा.

"आत्ताच पाणी भरलंय, हवा निघतेय," मिस्त्री तिच्याकडे न बघता म्हणाला.

"हवा नाही, इंजिनातला गॅस पाण्यात येतोय. मिस्त्री, इंजिनचं हेड उघडून बघा."

"दोन दिवसांचं काम आहे ते. मला कोण देणार दोन दिवस?"

मॅनेजर मागे येऊन उभा होता. "काट्याचा नायटा करू नका, ताई. वायरीत एक रेझिस्टर टाका. काटा मध्यावर राहील. ड्रायव्हर खूश, आम्ही खूश."

"चोर सोडून संन्याशाला सुळी देताय तुम्ही."

"सगळेच टाकतात."

ती जुन्या टायरांच्या ढिगामागे गेली आणि नवऱ्याला फोन लावला. त्याने एकेक तपासणी खोदून खोदून विचारली. वायर टेकवलीस? पाण्यात बघितलंस? बुडबुडे सारखे येतात की थांबून? मग तिने रेझिस्टरचं सांगितलं.

"टाकू नकोस," तो म्हणाला. "मी टाकला होता एकदा. धाकट्याच्या ट्रकला."

ती टायरांच्या ढिगाला टेकली. तिचा दीर वीस वर्षांपूर्वी घाटात गेला. ट्रक वळणावर बंद पडला, तो खाली उतरून बघत होता आणि मागून आलेल्या गाडीने त्याला चिरडलं. घरात सगळे म्हणत, नशीब.

"मालक ओरडतो म्हणून माझ्या मागेच लागला होता," नवरा सांगत होता. "काटा मध्यावर होता गं त्याचा, आणि इंजिन आत भाजून जॅम झालं. म्हणून थांबला तो तिथे. नशीब-बिशीब काही नव्हतं."

"इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"कुणाशी बोलू?"

ती परत आली आणि मॅनेजरला म्हणाली, "माझ्याच्याने होणार नाही." त्याने वाद घातला नाही. वायरमनला बोलावलं, आणि दहा मिनिटांत काम झालं. काटा आता मध्याच्याही खाली शहाण्यासारखा बसला.

दोनला दहा कमी असताना प्रवासी चढायला लागले. ती ड्रायव्हरच्या खिडकीशी गेली. "काटा मध्यावर आला की लाल समज. आणि रेडिएटरमधल्या कूलंटचा गोडसर वास आला तर काट्याची वाटच बघू नकोस."

"मी नाही म्हटलं तर दुसरा बसेल, ताई," तो हळूच म्हणाला. "मी निदान ऐकून तरी घेतलंय."

तेवढ्यात पायरीवर पाय ठेवता ठेवता एका म्हातारीने तिच्या हातातला स्क्रूड्रायव्हर पाहिला. "गाडी धड आहे ना गं बाई?"

मॅनेजर चार पावलांवर होता. हो म्हणायला काय लागत होतं!

"नाही आजी," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "इंजिन तापतंय. आणि ते काट्याने सांगू नये अशी सोय केलीय."

नऊ माणसं उतरली. बाकीच्यांना पोचायची घाई होती. बस सुटली, आणि मॅनेजर तिला म्हणाला, "उद्यापासून येऊ नका."

घरी ती दोघं फोन मध्ये ठेवून बसून राहिली. चहा झाला नाही, दिवा लावायची वेळ अजून झाली नव्हती. नवरा मधूनच विचारी, "किती वाजले?" ती सांगे. पायथ्यापर्यंत दीड तास. घाट चढायला पाऊण. साडेतीन वाजले. पावणेचार झाले.

फोन वाजला तेव्हा दोघांचेही हात एकदम पुढे गेले.

"ताई, पायथ्याशीच उभी केली," ड्रायव्हर धापा टाकत होता. "काटा मध्यावरसुद्धा आला नव्हता. पण वास आला. माणसं उतरेपर्यंत इंजिन आपोआप बंद पडलं. आता हलत नाही. पुढच्या वळणावर असतो तर..." त्याने वाक्य सोडून दिलं. मागे लोक कलकलाट करत होते. "शिव्या घालतायत सगळे."

"घालू देत," ती म्हणाली.

चार दिवसांनी मिस्त्री तिची हत्यारांची पेटी घेऊन दारात आला. आत यायला तयार नव्हता. हेड उघडलं होतं, बोटभर चीर निघाली होती. "तुम्हाला परत बोलवा म्हणालो मी," तो म्हणाला. पेटी उंबऱ्यावर ठेवली. तिने ती आत घेतली.

तो गेल्यावर नवऱ्याने धुतलेला शर्ट मागितला.

"कुठे जायचंय?"

"धाकट्याच्या घरी. तुझ्या जावेला सांगायचंय."

"ती काय म्हणेल, ठाऊक आहे ना?"

"म्हणू दे. तिचा हक्क आहे."

त्याने बटणं एक घर सोडून लावली होती. तिने ती पुन्हा नीट लावली, त्याचा हात आपल्या खांद्यावर ठेवला आणि तो मागे, ती पुढे अशी दोघं तीन गल्ल्या चालत गेली. जाऊ दारातच धान्य निवडत बसली होती. दोघांना बघून ती सूप बाजूला ठेवून लगबगीने उठली.

"अगंबाई, भावोजी! आज इकडे कसे? या, बसा ना."

तो बसला नाही. हाताने चाचपत चौकट धरून उभा राहिला, आणि जावेचा आवाज आला होता त्या दिशेला त्याने मान वळवली.