मोराची चादर आणि तीनपुडी डबा

शनिवारची सकाळची शाळा सुटली आणि सुंदा शुक्रवार पेठेतल्या घरी आली ती घराची मालकीण असल्याच्या थाटात! तिची आई, अव्वा, दोन दिवसांसाठी अक्कलकोटला मावशीकडे गेलेली, आप्पा मागच्या गल्लीत आपल्या मागावर चादरी विणत आणि किल्ल्यांचा जुडगा सुंदाच्या कमरेला. नववीतली पोर, नुकतीच वक्तृत्वात पहिली आलेली. आपल्याला न जमणारी गोष्ट जगात उरलीच नाही, असं तिला हल्ली वाटायला लागलं होतं.

एक डबा सोडून. वर्गातल्या सगळ्यांचे डबे बघता बघता स्टीलचे झाले होते. मदिनाच्या डब्याला तर कडी होती, लावली की खट्ट वाजायची! सुंदाचा मात्र तोच जर्मनचा, अॅल्युमिनियमचा, चेपका. मधल्या सुट्टीत ती दप्तराआड धरून भाकरी-चटणी खायची आणि मदिना सगळ्यांसमोर विचारायची, "सुंदे, जेवतीयस का लपाछपी खेळतीयस गं?"

म्हणून त्या दुपारी "जुन्या कापडावर भांडीऽऽ" अशी आरोळी आली, तशी सुंदा अनवाणीच बाहेर धावली.

बोहारीण दगडाबाई टोपली उतरवून ओट्यावर टेकली. अव्वाने बाजूला काढलेली दोन जुनी लुगडी आणि आप्पांचे विरलेले सदरे सुंदाने तिच्यापुढे टाकले. दगडाबाईने एक लुगडं उन्हात धरलं, त्यातून बोट आरपार घातलं.

"पोरी, हे लुगडं हाय का पिठाची चाळण?"

"काठ बघा की मावशी! काठ अजून कसा आहे!"

"काठ काय नेसायचा हाय व्हय?"

पण सुंदा काय ऐकते! घासाघीस करून करून तिने छोटा स्टीलचा डबा मिळवलाच. त्यात तोंड बघितलं, दात बघितले, जीभ काढून बघितली. इतकी खूश झाली, की दगडाबाईला पाणी द्यायला उठली. आणि उठताना टोपलीच्या तळाशी तिला तो दिसला. तीनपुडी! एकावर एक तीन डबे, वर मूठ, बाजूला कड्या. हातातला डबा एकदम लहान वाटायला लागला.

"त्याला काय लागतं मावशी?"

"त्याला जड कापड पायजे. चादर-बिदर असली तर बघ. ह्यो ठिव, त्यो घे."

ट्रंकेच्या तळाशी धोतरात गुंडाळलेली अज्जाची, म्हणजे आजोबांची, चादर होती. अज्जाने स्वतः विणलेली, मोठ्या मोराची. रंग उतरलेला, एक कोपरा उंदरांनी खाल्लेला. ती कधी कोणी अंथरली नाही, पांघरली नाही. दिवाळीआधी अव्वा ऊन दाखवायची आणि परत ठेवायची. सुंदाचा हात तिच्यावर थांबला. नाही असं नाही. 'फाटकीच तर आहे,' ती स्वतःलाच म्हणाली, अगदी वक्तृत्वातल्यासारखं ठासून. आणि चादर बाहेर आली. छोटा डबा परत टोपलीत गेला.

तीनपुडी डबा घेऊन ती दारात उभी राहिली. दगडाबाई गल्लीच्या टोकाला पोचायच्या आतच सुंदाच्या मनात आलं, अजून जरा ओढून धरलं असतं तर एक पेलासुद्धा सुटला असता.

तीन वाजता आप्पा आले ते हसतच. आप्पा सहसा हसत नाहीत.

"सुंदा, अज्जाची चादर काढ गं. व्यापारी म्हणतोय, तो मोर जसाच्या तसा उतरवला तर सहा महिने दुसरं काम बघायला नको. पाचला संगप्पा येतोय. आजच्या दिवसच मोकळा आहे तो."

संगप्पा म्हणजे नक्षीचा माणूस. कापडावरचे धागे मोजून तो पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायचा आणि त्या भोकांप्रमाणे मागावर नक्षी उठायची. अज्जाने तो मोर कागदावर कधी काढलाच नव्हता. जगात तो एकाच जागी होता.

"काढते आप्पा. तुम्ही जरा पडा," सुंदा म्हणाली. आवाज जरासुद्धा कापला नाही.

डबा काखेत मारून ती मागच्या दाराने सुटली. पानवाला म्हणाला, "आत्ताच गेली की इकडनं." पुढच्या चौकात एक बोहारीण दिसली, धावत जाऊन बघितलं तर दुसरीच! जड सुती कापडाचं काय होतं ते सुंदाला ठाऊक होतं. गॅरेजवाले यंत्रं पुसायला चिंध्या विकत घेतात. पळता पळता तिला नुसता तो आवाज ऐकू येत होता. टर्र. टर्र.

आणि खरंच आला. लिंबाखाली बसून दगडाबाई कापडाला सुरीने खाच द्यायची आणि दोन हातांनी फाडायची.

"मावशी, थांबा! माझी चादर! हा घ्या डबा, चादर द्या."

"आता गं? सौदा झाला की." दगडाबाईने तिच्या तोंडाकडे बघितलं. "बरं, ठिव डबा. पर लुगडी न्हाय मिळायची."

सुंदाच्या जिवात जीव आला. चादर उचलायची आणि पळायचं, एवढंच राहिलं होतं. पण जिवात जीव आला तशी जीभही परत आली.

"मग लुगड्यांचा तो छोटा डबा तरी द्या की! तो आधी ठरलाच होता."

"सौदा तू मोडलास आनि डबा मी देऊ व्हय?"

"लुगडी तुमच्याकडेच आहेत ना पण!"

"वकिलाची हाईस काय गं?" दगडाबाई हसली. बोलता बोलता तिचे हात चालूच होते. न बघता पुढचं कापड मांडीवर आलं, खाच पडली आणि टर्र.

मोराच्या मानेतून.

"आगं बया! हीच व्हय?"

सुंदाने डबा खाली ठेवला, दोन्ही तुकडे छातीशी धरले आणि ती पळाली. मागून हाक आली, "आगं पोरी, छोटा डबा तरी ने की!" तिने वळून बघितलं नाही.

घरी संगप्पा भिंग काढून बसला होता. तुकडे समोर ठेवून सुंदाने सगळं एका दमात सांगून टाकलं, छोट्या डब्याचंसुद्धा. आप्पांनी तिच्याकडे बघितलंच नाही. ते मोराकडे बघत होते. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मान तुटलीय वीरभद्रप्पा," संगप्पा आप्पांना म्हणाला. "कडेचे धागे निसटलेत. मानेचा बाक चुकला तर मोराचं बदक होतंय. तुकडे कोणी जुळवून धरले तर बघतो. पण हललं, की गेलं."

सुंदा पुढे झाली. जमिनीवर पालथी पडून तिने दोन्ही कडा एकमेकींना भिडवल्या आणि बोटांनी दाबून धरल्या. संगप्पाने भिंग टेकवलं.

"चौदा... पंधरा... सोळा..."

हाताला रग लागली. नाकावर माशी बसली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. सुंदाने श्वास धरला.

"सतरा..." संगप्पा थांबला. भिंग जवळ नेलं, लांब नेलं. "का अठरा?"

आप्पा खाली वाकले.

"परत पहिल्यापासून," संगप्पा म्हणाला.

सुंदाने बोटं आणखी घट्ट दाबली.